बाजारातली बारा माणसं

१ जानेवारी २०२६, गुरुवार

मेडिकलवाल्यानं डायरी फुकट दिली. चार महिने पिशव्या भरभरून गोळ्या नेल्या, द्यायलाच पाहिजे. कोरी ठेवून काय करू? म्हणून लिहितो. सातवीपर्यंत शाळा झाली, अक्षर बरं आहे. आणि घरात बोलायला माणूस नाय. सुरेखा बोलत नाय, सोनिया ऐकत नाय.

सुरेखा बायको. गौरी बसायच्या आदल्या दिवशी पुरणाची डाळ निवडता निवडता कलंडली. उजवी बाजू गेली. उजवा हात थोडा परत आला, पाय नाय आला. तोंडात तीन शब्द राहिले. व्हय, नाय आणि ते. पाणी पण ते, पंखा पण ते, मी पण ते.

सोनिया पोरगी. पुण्याला होती, आईसाठी घरी आली, इथूनच काम करते. काम काय, तर गेम. मोठ्या मशीनवरचा गेम बारक्या मशीनमधी बसवायचा. मी म्हणालो, म्हंजे पैलवानाला अंगडं-टोपडं घालायचं. ती म्हणाली, तसंच समजा.

मला गेमचं कौतुक नाय. पैठण गेटला पंधरा वर्षं व्हिडिओ गेमचं पार्लर चालवलं. उभी मशीनं, रुपयाला एक चान्स. स्वतः एकदा पण खेळलो नाय. पडद्याकडं सुद्धा बघायचो नाय. मी गल्ल्यावर बसून पोरांच्या टाचा बघायचो. पोरगं टाचा उचलून चवड्यावर उभं राहिलं की समजायचं, हे मशीन चालणार. टाचा टेकलेल्या दिसल्या की मशीन बदलायचं. कधी चुकलो नाय.

४ जानेवारी, रविवार

व्यायाम शिकवायला नीरजा मॅडम येतात. चांगल्या आहेत, फक्त लई गोड बोलतात. "मावशी, आज फक्त टाच उचलायची हं. पंजा राहू द्या खाली." मावशी भिंतीकडं बघत बसल्या.

बाहेर आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "काका, पायात जीव आहे. पण मावशींनीच पाय सोडून दिलाय. पहिले सहा-सात महिने महत्त्वाचे असतात. पाडव्यापर्यंत त्यांनी स्वतःहून काही हालचाल केली नाही, तर मग खुर्चीचीच सवय करावी लागेल."

मी आत गेलो. म्हणालो, "अगं उचल की! टाच आहे, गहू दळायचं जातं नाय. चल, चल. हो पुढं."

ती म्हणाली, "नाय."

सोनिया दारात फोन घेऊन उभी होती. म्हणाली, "पप्पा, तुम्ही आईला बोलताय का बैलाला?"

बैल ऐकतो तरी.

८ जानेवारी, गुरुवार

सोनियानं हॉलच्या टीव्हीवर मोठा गेम लावला. आईचं मन लागावं म्हणून. नाव 'हलकारा'. जुन्या काळचा डाक पोचवणारा माणूस, काठीला घुंगरू, पाठीवर थैली. घाट चढून गावोगाव पत्रं द्यायची. पुण्याच्या कंपनीत पन्नास जणांनी तीन-चार वर्षं बसून केला म्हणे. खोटं नाय बोलणार, दिसायला भारी. पानावरचं दव दिसतं. बाजारात तीनशे माणसं. शहागंजला ईदच्या आदल्या दिवशी असते तशी खच्चून गर्दी.

एक मला नवीन वाटलं. आमच्या पार्लरमधी माणूस बाजूनं दिसायचा, डावीकडून उजवीकडं पळायचा. इथं आपण कायम त्याच्या पाठीमागं. तो चालतो, आपण मागून चालतो.

सुरेखानं जराशानं डोळे मिटून घेतले. कपाळावर हात मारला. "ते नाय. नाय." मॅडम म्हणाल्याच होत्या, आता एकदम लई काही दिसलं की तिच्या डोक्यात कलकल होते.

मग सोनियानं तोच गेम बारक्या मशीनवर दाखवला. हातात मावतं, भाकरीच्या चतकोराएवढं. स्वस्तातलं, लहान पोरं खेळतात. त्याच्यात तो हलकारा असा चालला की जणू गुडघाभर चिखल. एक पाय उचलला, मी तंबाखू मळली, मग दुसरा पाय.

"तीनशे माणसं यात उभी पण राहत नाहीत," सोनिया म्हणाली. "चालायचं तर सोडाच."

मी म्हणालो, "मग सांग त्यांना नाय होत. फोन कर, मोकळी हो."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग आईच्या पायाकडं बघितलं, आणि गेली आत.

१३ जानेवारी, मंगळवार

आज एक काम केलं. माझं शेवटचं मशीन भाऊ कडुबाच्या पत्र्याच्या शेडमधी पडलं होतं, दौलताबादला. टेम्पो करून आणलं. माझा हिशोब सरळ होता. मोठं मशीन, मोठा दांडा, हात-पाय मोठे हलतील. व्यायामच तो. शहागंजचा जुना मेकॅनिक बोलावला. त्यानं मागचं फळकूट उघडलं, आतून उंदराचं घरटं निघालं.

"क्या चचा," तो म्हणाला, "इसमें तो आजकल चूहेइच खेलते. म्यूझियम में देव इसको."

"तू चालू कर. बकवास कमी."

चालू झालं पण! लेकाचा हुशार. सुरेखाला खुर्चीसकट समोर नेलं. मशीननं असा काही भोंगा मारला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. सुरेखानं डाव्या हातानं कान दाबला आणि नाय नाय नाय म्हणत रडायलाच लागली. बाजूच्या गल्लीतला नानासाहेब गेटपाशी येऊन ओरडला, "बन्सीशेठ, इलेक्शनचे भोंगे कमी होते व्हय!"

मशीन त्याच टेम्पोत परत. कडुबानं बोरं दिली होती, तेवढीच घरात राहिली.

१४ जानेवारी

संक्रांत. नळ आले. पाणी भरण्यात दिवस गेला. तिळगूळ सुरेखानं डाव्या हातानं खाल्ला.

२० जानेवारी, मंगळवार

सोनिया छाटत सुटली आहे. झाडं छाटली, पाऊस छाटला, आज माणसं. बाजारातली तीनशे माणसं काढून टाकली, बारा ठेवली.

तिच्या साहेबाचा, श्रीधर सरांचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी लसूण सोलत ऐकला. "सोनिया, बाजार ओसाड वाटेल. लोक म्हणतील फसवलं. निदान शंभर तरी ठेव."

"सर, तुमच्या तीनशेमधले चेहरे किती आहेत? सातच. तेच तेच फिरवून लावलेत. एकमेकांच्या अंगातून आरपार जातात ती माणसं."

"गर्दीत कोण बघतं?"

"तेच तर म्हणतेय सर. कोण बघतं?"

साहेब म्हणाला, फेब्रुवारी संपला की बघू, नाय पटलं तर काम दुसऱ्याकडं.

मी म्हणालो, "साहेबाशी असं बोलतात?"

"तुमचीच पोरगी आहे," ती म्हणाली.

बारा माणसांना प्रत्येकाची वेगळी चाल देणार आहे. आवाजाला पण जागा नाय, म्हणून एका माणसाला एकच वाक्य. त्या एका वाक्यासाठी दिवसभर टेबलावर डोकं टेकून बसते. जेवायला दोनदा हाक मारली. एवढा फाफटपसारा कशाला? बाजारातला माणूस काय बोलणार? भाव बोलणार.

२४ जानेवारी, शनिवार

आज जे बघितलं ते लिहून ठेवतो, उद्या मलाच खरं वाटणार नाय.

सोनिया म्हणाली, पप्पा, घाट झाला, बघा. मी चष्मा लावला. मोठ्या गेममधी लांबवर एक डोंगर होता, शेंड्यावर देऊळ, पहिल्या पावलापासून ठळक दिसायचा, दुकानातल्या कॅलेंडरसारखा. बारक्या मशीनला एवढं लांबचं काढायला जमत नाय. मग हिनं काय केलं, तर सगळीकडं धुरळा भरला. उन्हाळ्यात असतो तसा पिवळा. दहा पावलांपुढचं काय दिसत नाय.

मी म्हणालो, "डोंगर कुठंय? खाल्ला का?"

"आहे. ऐका."

घंटा. लांबून, एकदम बारीक. डावीकडं गेलं की कमी, उजवीकडं गेलं की जरा जास्त. मी आयुष्यात पहिल्यांदा गेम हातात घेतला. मला बटणं कळत नाय, पण घंटा कळते. चालत राहिलो. घंटा मोठी झाली. आणि मग धुरळ्यातून, एकदम तोंडासमोर, काळा कडा वर गेला. वर म्हंजे मी मान मागं टाकली! चतकोर भाकरीएवढ्या काचेत बघताना मी मान मागं टाकली.

माझं लहानपण दौलताबादच्या किल्ल्याखाली गेलं. रोज दिसायचा म्हणून कधी बघितलाच नाय. पण वैशाखात धुरळा उठला की किल्ला गायब व्हायचा, आणि शेतातून घरी येताना अचानक अंगावर यायचा. तेव्हा छाती दडपायची. ते मी विसरलो होतो. या डबीत ते कसं काय आलं? पन्नास जणांच्या मोठ्या गेममधी नव्हतं. हिनं काढून काढून टाकलं आणि आलं.

सोनियाला एवढंच म्हणालो, "ठीक आहे." अंगावरचा काटा मात्र तिनं बघितला बहुतेक. हसत होती.

२ फेब्रुवारी, सोमवार

सोनिया मशीन पलंगावर ठेवून फोनला गेली. मी चहा घेऊन येतो तर सुरेखानं ते उशीवर घेतलेलं, डाव्या अंगठ्यानं हलकाऱ्याला चालवत होती. कुणी शिकवलं नाय. मोठ्याला डझनभर बटणं होती, यात नुसतं एक फुलीसारखं बटण दाबलं तरी भागतं. पत्र द्यायला पण काही दाबायचं नाय. माणसाजवळ जाऊन नुसतं थांबायचं. तो आपणहून हात पुढं करतो.

मी मागं उभा राहून बघितलं. बाजार आता तयार झालाय. बाराच माणसं, पण काय सांगू! कासार बांगड्या लावता लावता मान वर करतो आणि म्हणतो, "हात दाखव." एक जण लंगड्या शेळीबरोबर हळू चालतो, शेळी थांबली की थांबतो. पाणी भरणारी म्हणते, "सांभाळून, दगड निसटतो," आणि खरंच पुढं दगड निसटतो. एक चहावाला नुसता ग्लास पुसतो, पण आपण गेलो की ग्लास उजेडात धरतो. मोठ्या बाजारात तीनशेपैकी एकानं पण वळून बघितलं नव्हतं. या बारापैकी अकरा जणांनी बघितलं, एक बाई तेवढी पाठमोरी. जणू मीच गावाला आलोय आणि माझी वाट बघत होते. मी पंधरा वर्षं या धंद्यात होतो, एवढ्या पोरांनी एवढे रुपये टाकले, कुठल्या मशीनमधून कुणी असं बघितलं नाय.

एकच माणूस मला आवडला नाय. एक म्हातारा. हात मागं बांधून, मान पुढं काढून तुरुतुरु चालतो, सारखं च्च च्च करतो. हलकारा जवळ गेला की पत्र हिसकावून घेतो आणि घोगऱ्या आवाजात म्हणतो, "चल, चल. हो पुढं." काय तो तोरा!

सुरेखा हसली.

आधी मला वाटलं ठसका लागला. पाणी आणायला पळालो. ठसका नाय, हसत होती. तोंड एका बाजूला वाकडं झालंय त्यामुळं हसू अर्धंच येतं, पण डोळ्यातून पाणी. म्हाताऱ्याकडं बोट दाखवायची, "ते! ते!" आणि परत हसायची. पुन्हा पुन्हा त्याच्याजवळ जायची, शिव्या खायला.

मी म्हणालो, "हा आपल्या नानासाहेबासारखा आहे. अगदी तस्साच खवट."

त्यावर तर माय-लेकी दोघी हसून हसून लोळल्या. घरात गौरींनंतर पहिल्यांदा आवाज झाला. झाला तर झाला, मला काय. भाजी करपली ती मीच उतरवली.

९ फेब्रुवारी, सोमवार

व्यायामाला नायच. पण खेळते रोज. मॅडम म्हणाल्या खेळू द्या, मन तरी जागेवर येतंय.

मला मात्र बघवत नाय. थैलीत पत्रं तशीच पडलेली आणि ही काय करते, तर बाजारातल्या एका बाईच्या मागं मागं फिरते. ती बाई, डोक्यावर पाटी, हिरवं लुगडं. तिला वाक्य पण दिलं नाय सोनियानं, नुसत्या बांगड्या वाजतात. पाठमोरीच असते कायम, तोंड दिसत नाय. पण चालते झ्याक, एवढं खरं. टाच पटकन उचलते, हवेत जराशी थांबवते, मग टेकवते. जसं काही खाली तापलेली फरशी आहे. पाटी हलत नाय. बाजारातून, नाल्यावरून, देवळाकडं, परत बाजार. सुरेखा दिवसभर तिच्या मागं.

मी म्हणालो, "अगं पत्रं दे की लोकांची! ती बाई काय देणार तुला?"

"नाय," म्हणाली. म्हंजे मला गप बस म्हणाली. आता मला तिच्या नायचे प्रकार कळायला लागलेत. एक नाय नको म्हणून असतं, एक थांबा म्हणून, एक नुसतं मला चिडवायला. आधी ती दिवसभर बोलायची तेव्हा मी एवढं ध्यान देत नव्हतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. कडुबा वेरूळला दर्शन करून आला. लई गर्दी म्हणे. साबुदाणा खाता खाता वहिनीच्या हातातला गेम बघायला बसला. म्हातारा आला, "चल, चल. हो पुढं." कडुबानं स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत स्क्रीनकडं. चमचा तसाच तोंडात.

"दादा," म्हणाला, "हा माणूस लई ओळखीचा वाटतो रे."

"नानासाहेब आहे तो."

"असं व्हय," म्हणाला, आणि सुरेखानं त्याला डोळा मारला. चक्क डोळा मारला! साबुदाणा त्याच्या नाकात गेला. या वयात काय ते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी सुरेखा खिडकीपाशी खुर्चीवर, मांडीवर उशी, उशीवर मशीन. मी खाली फरशीवर बसून हरभऱ्याचे सोले सोलत होतो. सोनिया आत. गेममधी ती पाटीवाली बाई नाल्यावर आली होती. तिथं दगड टाकलेत, एकेका दगडावर पाय द्यायचा. बाई टाच उचलते, थांबते, पाय टाकते. हलकारा मागं. सुरेखा तोंडातल्या तोंडात काहीतरी ताल धरल्यासारखी करत होती.

खाली बसल्यामुळं माझ्यासमोर तिचे पाय होते. आणि जुनी सवय. मी टाचा बघितल्या.

उचललेल्या.

मी ओरडलो, "सोनिया, तुझा गेम चालणार बघ! साहेबाला सांग बन्सीशेठनं पास केला. टाचा बघ, टाचा!"

"कुणाच्या?"

"तुझ्या आईच्या, आणखी कुणाच्या?"

ती आली. बघितलं. माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि रडायला लागली.

मी म्हणालो, "येडी का काय? पास झाली म्हणतोय ना."

"पप्पा," ती म्हणाली, "दोन्ही टाचा आहेत."

"दोन्हीच असतात," मी म्हणालो. "पोरं पण दोन्ही उचलायची."

मग माझ्या हातातलं ताट कलंडलं. सोले सगळ्या घरभर.

उजवी. पंजा खाली आणि टाच वर. बाईनं नाल्यात टाच उचलली की ही उचलायची. बाईनं टेकवली की ही टेकवायची. थरथरत होती, कोंबडीच्या पिलासारखी, पण वर होती. मी पायाला हात लावायला गेलो तर सुरेखानं डाव्या पायानं मला ढकललं. "ते! ते!" म्हंजे बाजूला सरका, मला दिसत नाय.

तिला माहीतच नव्हतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मॅडमना बोलावलं. त्यांनी खाली बसून उचललेल्या टाचेखालून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, आता सोडायचं नाही. हा गेम बंद करायचा नाही.

चहा घेताना सोनियानं विचारलं, "पप्पा, ती बाई कोण आहे, खरंच नाय ओळखलं तुम्ही?"

"कोण?"

"आई आहे ती."

मी म्हणालो, कायच्या काय. आई अशी कुठं चालते?

ती म्हणाली, "बाराच माणसं ठेवायची म्हटल्यावर प्रत्येकाला खरी चाल पाहिजे होती. आपण औरंगपुऱ्याच्या मंडईत जायचो आठवतं? तुम्ही पुढं, आई मधी, मी मागं. मला दोघांची चाल पाठ आहे. कमी पडलं ते मामेबहिणीच्या लग्नाच्या व्हिडिओतून घेतलं. तुम्ही कधी मागं वळून बघितलं असतं तर तुम्हाला पण पाठ झाली असती."

हे खरं आहे. बायको मागं, नवरा पुढं. आमच्याकडं सगळे तसंच चालायचे, माझा बाप, कडुबा, सगळे. पुढच्याला मागचं काय दिसणार? बांगड्या वाजल्या की समजायचं, येतेय.

"मग तिला वाक्य कामून नाय दिलं?"

सोनियानं कप धुवायला घेतला. म्हणाली, "शोधलं. व्हिडिओत आईचा आवाज सापडला नाय. सगळीकडं तुम्हीच बोलताय."

जरा वेळानं मला आणखी एक ध्यानात आलं. "दोघांची चाल म्हणालीस. दुसरा कोण?"

ती कप विसळत राहिली. आतून सुरेखाचा आवाज आला, त्या अर्ध्या हसण्याचा.

"तो म्हातारा मी व्हय? माझा आवाज असा?"

"नाय," सोनिया म्हणाली, "गेममधी जरा गोड केलाय."

५ मार्च, गुरुवार

श्रीधर सर स्वतः आले पुण्याहून, कारनं. अगोदरच सांगतो, आले तेव्हा तोंड पाडून आले होते. सोफ्यावर बसून खेळायला लागले. चहा गार झाला, दुसरा केला, तो पण गार. घाटात घंटा ऐकली तेव्हा त्यांनी पण मान मागं टाकली. मी बघत होतो. बूट काढून बसले होते. टाचा वर.

शेवटी म्हणाले, "आमच्या बाजारात मी दोन वर्षं फिरलो. मला एकही माणूस आठवत नाही." मग सोनियाला विचारलं, ही बारा माणसं मोठ्या गेममधी घेता येतील का? तीनशे काढून.

पैलवानानं अंगडं-टोपडं मागून घेतलं! मी असं मोठ्यानं म्हणालो. साहेबाला समजलं नाय, सोनियाला समजलं.

जाताना मला म्हणाले, "काका, त्या म्हाताऱ्याचा आवाज जबरदस्त आहे. कुठला कलाकार?"

"आहे एक," मी म्हणालो. "हाताला लागणार नाय तुमच्या."

११ मार्च

वॉकर आणला. सुरेखा त्याला पण ते म्हणते.

१८ मार्च, बुधवार

उद्या पाडवा. गाठ्या आणल्या, कडुलिंब आणला, काठी धुतली.

नीरजा मॅडम सकाळी म्हणाल्या, आज दारापर्यंत. सुरेखा वॉकर धरून उभी राहिली. मी सवयीनं पुढं निघालो, म्हटलं स्टूल, चपला, काय वाटेत असेल ते बाजूला करतो. मॅडमनी माझा सदरा धरला. "काका, तुम्ही मागं. तोल गेला तर मागूनच धरता येतं."

मी मागं गेलो.

काय लिहू? एवढ्या वर्षांचा संसार, आणि मी ही चाल आधी बघितली कुठं, तर पोरीच्या डबीत. डावी टाच वर गेली. हवेत जराशी थांबली. टेकली. मग उजवी. लई वेळ लागला. उजवी थरथरली, वर आली, आणि तिथंच थांबली. ती थांबायला पाहिजे तेवढीच थांबली, पडेल म्हणून नाय. मग टेकली. बांगड्या वाजल्या. हिरवं लुगडं नव्हतं, गाऊन होता, आणि डोक्यावर पाटी नव्हती. पण तीच बाई. बाजारातून पाठमोरी चाललेली. तोंड दिसत नव्हतं तरी मी लाखात ओळखलं असतं. आता.

उंबऱ्यापाशी ती अडली. सोनिया दारात फोन धरून उभी होती, मॅडम बाजूला. मी जीभ चावून धरली होती.

सुरेखानं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. त्या म्हाताऱ्यासारखं आधी च्च च्च केलं. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "चल. चल. हो... पुढं."

मला म्हणाली का पायाला, ठाऊक नाय. लग्नापासून मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. सोनिया फोन छातीशी धरून म्हणाली, "मिळालं, पप्पा. आईचं वाक्य मिळालं."

सुरेखानं उजवी टाच उचलली आणि उंबऱ्यावर धरली.

मी पुढं नाय गेलो. मागून लई चांगलं दिसत होतं.